वाटीतले चिंचोके

वितळलेल्या मेणाचा वास मला आजही लवंगेसकटच येतो. वीज गेली आणि शेजारच्या खोलीत कुणी मेणबत्ती लावली, की घरात कुठे लवंग नसतानाही ती दरवळते. आणि त्या वासामागून, थोड्या उशिराने, एक आवाज येतो. खर्र-टक. खर्र-टक. हाताने फिरवायच्या लोखंडी चाकाचा तो आवाज. चाकाच्या प्रत्येक फेरीला मेणात बसवलेल्या अवयवाचा एक काप निघे, केसाहूनही पातळ, आणि काप एकमेकांना चिकटून त्यांची एक फिकट फीत पात्याखालून उतरत राही. फीत तुटू नये म्हणून मेश्राम मॅडम श्वास रोखून धरत. आमच्या मराठी विभागाची खोली आणि त्यांची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत होती. मी अलीकडे वृत्तं शिकवत असायचे आणि पलीकडचा तो एकसुरी ठेका माझ्या गणांमध्ये मिसळत जायचा.

रत्नमाला मेश्राम यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. निवृत्तीला काही महिने उरले होते. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांची प्रयोगशाळा आवरली तेव्हा कोणाला काय हवं ते घेऊन जा, असं सांगण्यात आलं. मी एक स्टीलची वाटी आणली. तिच्यात चिंचोके होते.

गोंदियाजवळ फुलचूरला आमची घरं लागून होती, मधे कमरेइतकी भिंत. त्यामुळे कॉलेजातल्या मेश्राम मॅडम आणि अंगणातल्या मेश्राम मॅडम अशा दोन्ही मला दिसत. फरक फारसा नव्हता. ठेंगणी, काटक बाई. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. फॉर्मालिनने कडक झालेली, नखांशी पिवळसर बोटं. डब्यात बहुधा भात आणि लाखोरीची डाळ, आणि ती जेवताना बोटांचा वास येऊ नये म्हणून चमचा. कुणी काही सांगू लागलं, की त्या डावा डोळा मिटून घेत. सूक्ष्मदर्शकाची ती सवय. पण नवख्या माणसाला वाटे, आपलं बोलणं काचेखाली ठेवलं गेलं आहे. ते खोटंही नव्हतं.

सगळं लिखाण त्या पेन्सिलीने करीत. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, नोंदवही, अगदी दुधाचा हिशेबसुद्धा. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "शाई टिकते असं लोकांना वाटते. स्पिरिटमध्ये पहिली तीच विरघळते. पेन्सिल राहते." एरवी त्या नेटकी, पुस्तकी मराठी बोलत, पण आतून काही हललं, की कामठ्याची बोली वर येई. गोंदियापासून फार लांब नसलेलं कामठा हे त्यांचं गाव. तिथे आई होती, आणि धाकटा भाऊ सुदेश, धानाची शेती करणारा. दोघांपैकी एकालाच पुढे शिकवता येणार होतं, तेव्हा सुदेशने दहावीत शाळा सोडली होती. त्याबद्दल त्या कधी हळव्या होऊन बोलल्या नाहीत. फक्त पहिल्या तासाला मुलांना विचारत, "तुमच्या घरी तुमच्या बदल्यात कोण नांगर धरते?" मग म्हणत, "तर मग डोळे उघडे ठेवून पाहा."

पाहणे म्हणजे मोजणे, एवढा एकच धर्म त्यांनी शिकवला. "वरून दिसते ते धरायचं नाही" हे त्यांचं वाक्य. एका मुलीने बेडकाच्या हृदयाची आकृती पुस्तकातून सुबक उतरवून आणली. मॅडमनी समोरच्या ट्रेमधला बेडूक दाखवला. त्याच्या हृदयाचा एक कप्पा सुजून वेडावाकडा झाला होता. "हे याचं हृदय आहे का?" मुलगी म्हणाली, "मॅडम, पण बरोबर तर असंच असते ना!" मॅडमनी आकृती परत दिली. "बरोबर असेल. याचं नाही आहे."

त्या सायाळीवर काम करतात हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. साळिंदराला इकडे सायाळ म्हणतात. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'सायाळबाई' म्हणत. काटे दोघींनाही, हा विनोद. तोंडावर म्हटलं तरी त्या रागावल्या नसत्या.

ती हकीकत अशी. परीक्षेचं काम आटोपून त्या एसटीने परतत होत्या. कोहमाऱ्याच्या चौकाच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेला, गाडीने उडवलेली एक सायाळ पडलेली त्यांना खिडकीतून दिसली. त्यांनी बस थांबवायला लावली आणि उतरल्या. वनखात्याचा माणूस येईपर्यंत पाच तास, भर उन्हात, छत्री घेऊन त्या तिच्यापाशी बसल्या. छत्री सायाळीवर धरलेली, स्वतःवर नाही. देह तापून आतलं बिघडू नये म्हणून. ढाब्यावरची माणसं गंमत बघायला जमली. कुणी काटे उपटायला वाकला, की छत्रीची दांडी त्याच्या हातावर बसे. ढाबेवाला म्हणाला, "मॅडमजी, क्यूं धूप में बैठे हो? लाओ, रस्सा बना देता हूं. आधा आपका." मॅडमनी डावा डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं. "तिचं पोट भरलेलं आहे. तुमचं आज उपाशी राहिलं तरी चालते." हे मला त्यांनी नाही, त्या दिवशी पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकाने पुढे कधीतरी सांगितलं. तो आजही ते सांगताना उभा राहतो.

शवविच्छेदन झालं. पोटात एकच पिल्लू होतं, पूर्ण वाढलेलं, मऊ काट्यांसकट. मॅडमनी रीतसर अर्ज केला, आणि गर्भाशय व दोन्ही अंडाशयं बरणीत घालून त्यांच्याकडे आली. त्यानंतर फळ्यांच्या भिंतीपलीकडे तो आवाज सुरू झाला. खर्र-टक. खर्र-टक.

मला मदतीला बोलावलं ते मोजायच्या दिवशी. काय पाहायचं ते त्यांनी आधी समजावलं. अंडाशयातून बीज फुटून बाहेर पडतं, तिथे मागे जखम राहते. त्या जखमेत एक पिवळा पिंड धरतो. गर्भ राहिला, तर तो टिकवून धरणारा रस हा पिंड पाझरत राहतो. तर हिशेब सोपा: एक पिल्लू, एक बीज, एक पिंड. पण एकच पिंड शंभर कापांतून सलग दिसतो, म्हणून तो कुठे सुरू झाला, कुठे संपला, हे पाहावं लागतं. नाहीतर तोच दोनदा मोजला जातो. एक पिंड पुरता संपला, की त्या म्हणत, "टाका." आणि मी वाटीत एक चिंचोका टाके.

पहिला टाकला. त्या पाहत राहिल्या. "टाका." दुसरा. काचा बदलत होत्या. जांभळ्या-गुलाबी रंगाचे ते डाग उन्हाच्या कवडशात वाळलेल्या पाकळ्यांसारखे दिसत. "टाका." पाचव्या चिंचोक्यानंतर त्यांनी तीच काच पुन्हा एकदा पाहिली. संध्याकाळी, दोन्ही अंडाशयं संपली तेव्हा, वाटीत नऊ होते.

एक पिल्लू, नऊ पिंड.

मग त्यांनी मला एक काच दाखवली. पिंडाच्या मधोमध, पिंडाच्याच पेशींनी चहूकडून वेढलेलं, सुकलेलं, गोल काहीतरी होतं. "बीज," त्या हळूच म्हणाल्या. "हे फुटलंच नाही. बाहेर आलंच नाही. आतल्या आत पिवळा झाला पिंड. एका लेकराले धरून ठेवायसाठी." लेकराले, असं त्या म्हणाल्या. कामठ्याची बोली वर आली होती.

मला वाटलं, हे सगळ्या जगाला ओरडून सांगावं. त्यांनी सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं. "एकीवरून सांगता येत नाही. दुसरी पाहिजे."

मी तेव्हा एक कविता लिहिली. न फुटलेल्या बीजांवर, एका लेकरासाठी आतल्या आत पिवळ्या झालेल्या आईवर. आणि तिच्यात, नाव न घेता, एक अविवाहित बाईही होती. कॉलेजच्या अंकात ती छापून आली. मॅडमनी ती दोनदा वाचली, अंक मिटला. "चांगली आहे," म्हणाल्या. "पण ती सायाळ रडली नव्हती. तुम्ही रडल्या. तिच्या नावावर कायले टाकता?" त्यानंतर मी त्यांच्यावर काही लिहिलं नाही. आज लिहिते आहे, ते डोळे पुसून बसले आहे.

दुसऱ्या सायाळीची वाट त्यांनी सात वर्षं पाहिली. दर वर्षी वनखात्याला अर्ज: अपघाताने वा आजाराने मेलेली गाभण मादी आढळल्यास कळवावे. दोन नर आले, एक मादी आली ती रिकामी. मॅडम प्रत्येकाची नोंद करत आणि बरणी फडताळात मागे सरकवत. त्या सात वर्षांत त्यांच्या केसांत पांढरं आलं, चष्म्याचा नंबर वाढला. सूक्ष्मदर्शकाशी बसल्यावर मान धरू लागली. एकदा म्हणाल्या, "माझे डोळे राहेपर्यंत भेटली तर बरं." त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं, ते एवढंच.

तेच त्या कामठ्यालाही बोलल्या. आईच्या चुलीपाशी, जेवताना, सहज: "एक गाभण सायाळ भेटली असती ना, तर काम पुरं झालं असतं." आयुष्यभर प्रत्येक शब्द मोजून वापरणारी ही बाई त्या दिवशी एक शब्द गाळून बोलली. मेलेली. अर्जात तो दर वर्षी असे. चुलीपाशी राहून गेला.

धान कापून झालं होतं. दुपारची वेळ, मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सुदेश मोटारसायकलवरून आला. मागे युरियाचं पोतं बांधलेलं. सडपातळ, हसऱ्या तोंडाचा माणूस. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे त्याचे सांधे मधूनमधून धरत, तेव्हा त्याच्या चालण्यात किंचित लचक येई. त्या दिवशी तो लचकत नव्हता. त्याने पोतं अंगणात ठेवलं आणि ताईला हाक मारली.

"ताई, पाय काय आनलो तुयासाठी!" त्यांच्या बोलीत 'पाहा'चं 'पाय' होतं.

पोत्यातून धुराचा वास आला. ओल्या मातीचा आणि धुराचा. काट्यांची टोकं पोत्यातून बाहेर आली होती.

"कोठून आनलास?" मॅडम पायरीवरच उभ्या होत्या.

"आपल्याच बांधीतून. आंब्याच्या मुळाखाली बिळ होता. दोन दिवस बसलो तिच्यासाठी. गाभण आहे, पोट पाय. तुले अशीच पाहिजे होती ना?"

मॅडम खाली उतरल्या. गुडघ्यांवर बसल्या. पोत्यात हात घालून त्यांनी पोट चाचपलं. हात बराच वेळ तिथेच राहिला. जे त्यांना सात वर्षं हवं होतं, ते त्या हाताखाली होतं, अजून कोमट.

"तू मारलास हिले?"

"मंग काय, ते मले मारनार होती काय?" तो हसला. "काटे पाय, केवढे आहेत. एक पायात घुसला माझ्या."

"सुदेश, चाल माझ्यासंग. वनखात्याच्या ऑफिसात. तू स्वतःहून सांग."

"काऊन? चोरी केलो का मी?"

"गुन्हा आहे."

"कोनाले माहीत होते? तू सांगशील का?" अजून तो हसतच होता. मग त्याने ताईचा चेहरा पाहिला. "ताई. तुया भाऊ आहो मी."

"मालूम आहे," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी फोन लावला. दार उघडं होतं. त्यांनी भावाचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, वय. बरणीवर चिठ्ठी लावताना सांगावं तसं, एकामागून एक, काही न गाळता. सुदेश पळाला नाही. पोत्याशेजारी पायरीवर बसून राहिला, पायात काटा रुतला होता ती जागा चोळत.

तो काही आठवडे कोठडीत होता. जामिनावर सुटून आला, तेव्हा त्याचे सांधे धरले होते. ते पुन्हा नीट सुटले नाहीत. खटला चालू राहिला. पुढची धानाची रोवणी त्याच्या हातून झाली नाही. गावाने काय म्हटलं, ते मॅडमनी मला कधी सांगितलं नाही. आईने काय म्हटलं, ते मात्र एकदा सांगितलं, कपात चहा ओतता ओतता. "म्हणे, तुले सायाळीच्या पोटातलं दिसते. मायच्या पोटातलं नाही दिसत."

तरीही त्या दर रविवारी कामठ्याला जात. अंगणात बसत. घरातून कुणी बोलत नसे, कुणी पाण्याचा तांब्या पुढे करत नसे. तासभर बसून त्या उठत आणि पुढच्या बसने परत येत. दीड वर्ष. पावसाळ्यात छत्री घेऊन, उन्हाळ्यात छत्री घेऊन. "का जाता?" मी विचारलं. "तो घरात आहे की नाही, ते पाहाले," एवढंच उत्तर.

त्या सायाळीचं शवविच्छेदन सरकारी डॉक्टरांनीच केलं. आणि दर वर्षीच्या अर्जांमुळे, सगळे कागद पुरे झाल्यावर, वनखात्याने तिचं गर्भाशय आणि अंडाशयं पत्रासह मॅडमकडे पाठवली. शिक्का होता, सही होती. बरणी त्यांच्या टेबलावर आली. पोटात एकच पिल्लू होतं, असं पत्रात लिहिलं होतं. मॅडमनी चिठ्ठी लावली, पेन्सिलीने, आणि बरणी फडताळात ठेवली. मागे नाही, पुढे, बसल्या जागेवरून दिसेल अशी.

"आता तर परवानगी आहे," मी म्हणाले.

"कागदावर आहे."

फळ्यांच्या भिंतीपलीकडे दीड वर्ष शांतता होती. मला माझे गण नीट ऐकू येऊ लागले, आणि ते मला आवडेनासे झाले.

मग एका रविवारी त्या कामठ्याहून आल्या आणि घरात न जाता भिंतीपाशी उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर उन्हाची राख. सुदेश आता खाटेवरून उठत नव्हता; डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या अंगणात बसल्या असताना आतून, खाटेवरून, त्याचा आवाज आला होता. दीड वर्षांतला पहिला.

"ताई, किती निघाले?"

तो काय विचारतो आहे, ते त्यांना लगेच कळलं. त्या म्हणाल्या, अजून पाहिलं नाही. मग तो म्हणाला, "पाय ना मंग. मी काय फुकट गेलो का?"

सोमवारी मी वर्गात असताना आवाज सुरू झाला. खर्र-टक. खर्र-टक. शनिवारी त्यांनी मला बोलावलं. काचा रांगेने मांडल्या होत्या, वाटी पुसून ठेवली होती, चिंचोके मुठीत दिले. काप पारदर्शक करायला वापरायच्या लवंगेच्या तेलाचा वास इतका दाट होता, की जीभ बधिर झाल्यासारखी वाटे.

उजवं अंडाशय. "टाका."

मी टाकला. रिकाम्या वाटीत पहिल्या चिंचोक्याचा आवाज फार मोठा येतो. मी दुसरा बोटांत धरून ठेवला. काचा बदलत गेल्या. ऊन खिडकीतून टेबलावर आलं, टेबलावरून जमिनीवर उतरलं. बोटांतला चिंचोका घामाने ओला झाला. डावं अंडाशय सुरू झालं, संपलं. त्यांनी पहिली काच पुन्हा लावली. सगळ्या काचा पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

शेवटी त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. वाटीत एकच होता.

"मग ती पहिली?" मी विचारलं.

"पहिली वेगळी होती. काऊन होती, कोनाले माहीत." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुसतच राहिल्या. "एकीवरून सांगता येत नाही. दोघींवरून तर काहीच सांगता येत नाही."

नोंदवही उघडून त्यांनी लिहिलं. उजवे: एक. डावे: शून्य. गर्भ: एक. अक्षर नेहमीसारखं, सरळ आणि बारीक. पेन्सिलीला टोक करून घेतलं होतं. मी ती ओळ नंतरही पाहिली आहे. त्यात खाडाखोड नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या सकाळी निघाल्या, छत्री घेऊन. जाताना भिंतीवरून म्हणाल्या, "येते." असं त्या कधी म्हणत नसत.

पुढे पंधरवड्यात सुदेश गेला. त्याला कामठ्यात मूठमाती दिली तेव्हा त्या गेल्या होत्या, आणि आईने त्यांना पाणी दिलं, असं मी ऐकलं. आणखी बरंच काही झालं. त्या रोज कॉलेजला येत, शिकवत, मुलांच्या आकृत्या परत करत. वरून दिसते ते धरायचं नाही, हे मात्र त्या वर्गात पुन्हा म्हणाल्या नाहीत. तरी त्यांना आठवू म्हटलं, की मला त्या रविवारची संध्याकाळच दिसते.

बस उशिरा आली असावी. मी अंगणात होते. त्या फाटकातून आल्या, छत्री कोपऱ्यात टेकवली आणि नळाखाली पाय धरले. कामठ्याच्या बांधांवरची काळी माती घोट्यापर्यंत लागली होती. ती पाण्यात विरघळून वाहत गेली, पाणी स्वच्छ झालं, तरी त्या पाय चोळत राहिल्या. मी भिंतीशी गेले.

"बोलला का सुदेश?"

त्यांनी मान हलवली. बोलला.

"पुन्हा विचारलं?"

पुन्हा मान. नळ चालूच होता.

"मग काय सांगितलंत?"

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी.

"नऊ."